ठिणगीची वेळ आणि इंजिनाचा कान

रायपूरहून जगदलपूरला जाणारा रस्ता धमतरी आणि कांकेर मागे टाकून केशकालच्या घाटाशी येतो. रायपूरपासूनचा बराचसा प्रदेश सपाट. चढ असा लागतो तो येथेच. मे महिन्याची दुपार आहे, रायपूर सोडताना पारा ४४ अंशांच्या घरात होता, गाडीत पाच माणसे आणि मागे सामान आहे. अशी एखादी जुनी गाडी त्या बारा वळणांना लागली, म्हणजे इंजिनातून एक चमत्कारिक आवाज येऊ लागतो. पत्र्याच्या डब्यात काचेच्या गोट्या घालून डबा हलवावा, तसा तो आवाज असतो. पेडल अधिक दाबावे तो आवाज वाढतो; पाय उचलावा तो थांबतो. घाट संपला की आवाज संपतो आणि बहुधा त्याची आठवणही संपते.

पुढे पाऊस सुरू होतो. तीच गाडी, तेवढ्याच ओझ्यासह, तोच घाट मुकाट्याने चढून जाते. मालकाला वाटते, दुखणे आपोआप बरे झाले. वस्तुतः बरे काहीच झालेले नसते. हवा गार आणि दमट झाल्यामुळे दुखण्याला वाचा फुटत नाही, एवढेच. ते आत तसेच राहते, आणि पुढच्या एखाद्या उन्हाळ्यात दट्ट्याला भोक पडून गाडी भर रस्त्यात उभी राहते, तेव्हा मालक म्हणतो, काही सूचना न देता इंजिन गेले! सूचना तर दिली होती. ती कोणी ऐकली नाही, हा खरा प्रकार. ह्या आवाजाला कारखान्यांच्या भाषेत नॉकिंग म्हणतात. तो ओळखण्याची, आणि त्यावर घरच्या घरी जेवढा इलाज करता येतो तेवढा करण्याची विद्या फारशी अवघड नाही. मात्र तिच्या मुळाशी असलेली गोष्ट आधी नीट समजली पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात स्फोट होतो, असे आपण सहज बोलतो. पण निरोगी इंजिनात स्फोट होत नसतो; तेथे ज्वलन होते. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा ह्यांचे मिश्रण दाबले गेलेले असते. प्लगशी ठिणगी पडते, तेथे ज्वाला धरते आणि वाळलेल्या गवताला एका कडेने आग लागून ती पुढे सरकावी तशी ती मिश्रणातून पसरत जाते. सगळे मिश्रण जळून दाब शिगेला पोचण्यास सुमारे दोन ते तीन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा तीनशे ते पाचशेवा हिस्सा, लागतो. हा काळ आपल्या हिशेबी नगण्य आहे. इंजिनाच्या हिशेबी तो मोठा आहे. मिनिटाला ३००० फेरे करणारा क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, म्हणजे दोन मिलिसेकंदांत ३६ अंश. दट्ट्या अगदी वर पोचल्यावर ठिणगी टाकली, तर ज्वाला पुरती पेटेपर्यंत तो खाली निघालेला असेल आणि तिचा बराच जोर वाया जाईल. दट्ट्याने माथा ओलांडून क्रँक १२ ते १५ अंश पुढे गेला असता दाब शिगेला पोचावा, ही आदर्श स्थिती होय. ती साधावयाची, तर ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोचण्यापूर्वीच पडली पाहिजे. झोपाळ्याला झोका देणारा माणूस झोपाळा हातापासून दूर गेल्यावर हात पुढे करीत नाही. तो क्षण त्याला आधीच ओळखावा लागतो. ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, ते हेच.

ठिणगी फार उशिरा पडली, तर इंजिन ढिले पडते, अधिक पेट्रोल पिते, आणि जळते वायू बाहेर जाताना झडपा तापवितात. फार लवकर पडली, तर दट्ट्या अजून वर येत असताना दाब वाढू लागतो. ज्वालेपुढे जे मिश्रण अजून जळावयाचे राहिले आहे, ते दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की ज्वाला तेथे पोचण्यापूर्वीच ते आपण होऊन एकदम पेट घेते. आता मात्र तो खरा स्फोट असतो. त्याने उठलेल्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि घंटेवर टोला मारावा तसे इंजिन वाजू लागते. दट्ट्याच्या अंगाशी वायूचा जो पातळ थर उष्णतेपासून त्याचे रक्षण करीत असतो, तो ह्या लाटांनी उधळून जातो. ॲल्युमिनियमचा दट्ट्या मग थेट आगीला सामोरा होतो. त्याच्या कडा झिजतात, कडीची जागा फुटते आणि अखेर त्याला भोक पडते. टाटीबंधच्या चौकात ट्रकांची जी टकटक ऐकू येते, ती निराळी. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तेथे इंधन दाबलेल्या गरम हवेत शिरून आपोआप पेटते आणि ती टकटक काही अंशी त्याच्या स्वभावातच असते. पेट्रोल गाडीच्या मालकाने तिच्यावरून आपले समाधान करून घेऊ नये.

ह्या आवाजाचा दोष कोणाचा, हा वाद मोटारीइतकाच जुना आहे. आपल्याकडील गॅरेजांतून ठिणगी वाटणाऱ्या डबीला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरला, मिस्त्री अजून ‘डेल्को’ म्हणतात. हा शब्द अमेरिकेतील डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी ह्या नावाच्या आद्याक्षरांपासून झाला आहे. चार्ल्स केटरिंग ह्या संशोधकाने १९०९ साली ही कंपनी एका सहकाऱ्याबरोबर काढली आणि बॅटरीच्या विजेवर ठिणगी देणारी पद्धत मोटारीत रूढ केली. थोड्याच दिवसांत इंजिने टकटक करू लागली, तेव्हा ठपका आला तो त्याच्या नव्या ठिणगीवर. केटरिंगने आपल्या हाताखालच्या टॉमस मिज्ली ह्या तरुण इंजिनियराला १९१६ साली शोधास लावले. मिज्लीने सिलिंडरमधील दाबाची नोंद घेऊन दाखविले की टकटक ठिणगी पडून ज्वाला पसरू लागल्यानंतर होते. दोष ठिणगीच्या यंत्राचा नव्हे, इंधनाचा आहे. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो ह्यानेही त्याच सुमारास इंधनाच्या ह्याच गुणदोषांचा कसून अभ्यास केला. इंधनाची टकटक सोसण्याची ताकद मोजण्याचा ऑक्टेन अंक पुढे ह्यातूनच आला.

त्यावर मिज्लीने शोधलेला उपाय मात्र आगीतून फुफाट्यात नेणारा ठरला. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याला आढळले की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी थोडे मिसळले तरी टकटक थांबते. इंजिने शांत झाली. पण शिसे हे विष आहे आणि ते धुरावाटे जगभर पसरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली. आवाज बंद करणे आणि दोष दूर करणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा त्या इतिहासात आहे. इंजिनाजवळ पाना घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता घरच्या कामाकडे वळू. ज्या गाड्यांना डेल्को आहे, म्हणजे जुनी ॲम्बेसेडर, फियाट किंवा कार्ब्युरेटरची मारुती ८००, त्यांचेच टायमिंग हाताने लावता येते. काम सुरू करण्यापूर्वी गाडी मोकळ्या हवेत आणावी. बंद गॅरेजात चालू ठेवलेल्या इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच गाठतो. हँडब्रेक ओढावा, गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा, आणि ओढणी, पदर, उपरणे ह्यांपैकी काहीही पंख्याच्या आसपास लोंबत राहू देऊ नये.

पॉइंटच्या गाडीत पहिले काम पॉइंटचे अंतर तपासण्याचे, टायमिंग त्यानंतर. ॲम्बेसेडरला हे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. ते वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. म्हणून हा क्रम उलटा केला तर दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात. नंतर पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या वेळी वर येईल अशा बेताने इंजिन हाताने फिरवून पुलीवरील खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर आणावी. कॉइलकडून डेल्कोकडे जाणाऱ्या बारीक तारेचे टोक आणि गाडीचा धातूचा सांगाडा ह्यांच्यामध्ये १२ व्होल्टचा एक लहान दिवा जोडावा आणि किल्ली फिरवावी. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो. ते उघडताच लागतो. डेल्कोचा पट्टा सैल करून ती डबी आधी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने, दिवा विझेपर्यंत, न्यावी आणि मग उलट दिशेने अगदी सावकाश फिरवावी. ज्या क्षणी दिवा लागतो, तीच ठिणगीची वेळ. तेथेच पट्टा आवळावा. डेल्को इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून डबी एक अंश सरकली की ठिणगी दोन अंश सरकते, हे विसरू नये. येथे केसभर हालचालही पुष्कळ होते.

इंजिन चालू असतानाचे टायमिंग तपासण्यास लखलखणारा दिवा, म्हणजे टायमिंग लाइट, मिळतो. त्याचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरला लावला की प्रत्येक ठिणगीबरोबर तो एकदा चमकतो. पावसाळ्याच्या रात्री वीज चमकली असता फिरता पंखा क्षणभर स्थिर उभा दिसतो. तसाच ह्या प्रकाशात फिरत्या पुलीवरील खूण स्थिर दिसते आणि ती कोणत्या अंशावर आहे ते वाचता येते. ही तपासणी करताना डेल्कोच्या व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि इंजिन मंद गतीत ठेवावे. वेग वाढविला की खूण पुढे सरकली पाहिजे. ती सरकत नसेल, तर डेल्कोतील वजने गंजून अडकली आहेत असे समजावे.

शेवटची परीक्षा रस्त्यावर होते. इंजिन चांगले तापल्यावर, वरच्या गियरमध्ये, थोड्या चढावर पेडल दाबून पाहावे. क्षणभर अगदी बारीक किणकिण येऊन थांबली, तर टायमिंग बरोबर आहे. ती चालूच राहिली, तर टायमिंग एकदोन अंश मागे घ्यावे. त्याने काम भागले नाही, तर मात्र पुनःपुन्हा मागे घेत बसू नये. अशा वेळी अपराधी दुसरा असतो: दट्ट्याच्या माथ्यावर साचलेला कार्बन, अर्धवट तुंबलेला रेडिएटर, चुकीच्या जातीचा प्लग किंवा रॉकेलची भेसळ झालेले पेट्रोल. ह्यांतील प्रत्येकाचा परिणाम टायमिंग मागे घेऊन झाकता येतो. नाहीसा मात्र करता येत नाही.

नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना डेल्को नाही आणि फिरवावयास डबीही नाही. ठिणगीची वेळ संगणक ठरवितो, आणि मिस्त्री जे काम कानाने करीत असे ते काम इंजिनाच्या अंगावर बसविलेला एक लहानसा कान करतो. हाच नॉक सेन्सर. जाक आणि प्येर क्यूरी ह्या भावांनी १८८० साली दाखविले की काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते. स्वयंपाकघरात गॅस पेटविण्याचा जो खटक्याचा लायटर असतो, त्याची ठिणगी ह्याच गुणधर्मावर उडते. नॉक सेन्सरमध्ये अशाच पदार्थाची एक चकती, वर एक वजन ठेवून, इंजिनाला बोल्टने आवळलेली असते. इंजिन थरथरले की वजन चकतीला दाबते आणि थोडीशी वीज निर्माण होते. मोटारीच्या नित्य उत्पादनात ही योजना प्रथम १९७८ च्या ब्यूइक गाडीच्या टर्बो इंजिनात आली.

इंजिनात आवाज अनेक असतात. त्यांतून नेमकी टकटक कशी ओळखावयाची? सिलिंडरचा व्यास ७० ते ८० मिलिमीटर असेल, तर टकटकीची कंपने सेकंदाला सुमारे सात ते आठ हजार असतात. संगणक तेवढाच सूर निवडतो, आणि तोही प्रत्येक ज्वलनानंतरच्या ठराविक क्षणांतच ऐकतो. त्या वेळी नेहमीपेक्षा मोठा आवाज आला की तो त्या ठिणगीला काही अंश मागे घेतो, आणि शांतता झाली की हळूहळू पुन्हा पुढे सरकवितो. केशकालच्या घाटात नवी गाडी वाजत नाही, ह्याचे कारण तिला दुखणे होत नाही हे नव्हे. चढ चढत असताना तिचा इलाज क्षणोक्षणी चालू असतो.

हा कान निकामी झाला, तर संगणक शहाण्या बहिऱ्याप्रमाणे वागतो. ऐकू येत नाही म्हणून तो सावधपणे टायमिंग मागेच ठेवतो. गाडी ढिली पडते, पेट्रोल अधिक लागते आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला की पी ०३२५ सारखा संकेत दिसतो, आणि येथेच पुष्कळांचा पैसा वाया जातो. हा संकेत सेन्सर मेला असे सांगत नाही. त्याच्या विजेच्या मार्गात दोष आहे एवढेच सांगतो. म्हणून नवा सेन्सर आणण्यापूर्वी तार पाहावी. ती उंदराने कुरतडलेली आहे काय? जोडाच्या पिना हिरव्या पडल्या आहेत काय? मग बोल्ट पाहावा. पुष्कळ सेन्सरांचा बोल्ट २० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावयाचा असतो. तो सैल असला तर सेन्सर ऐकत नाही आणि अतिशय आवळला तर चुकीचे ऐकतो. त्याच्याखाली वॉशर, रंग किंवा गंज असता कामा नये.

पुढची तपासणी मल्टिमीटरने होते. इंजिन बंद ठेवून सेन्सरचा जोड सोडवावा, मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोके सेन्सरच्या पिनांना लावावी आणि सेन्सरवर नव्हे तर त्याच्या शेजारी इंजिनाच्या अंगावर लहान पान्याने हलकेच ठोकावे. प्रत्येक ठोक्याबरोबर आकडा हलला तर कान जिवंत आहे. रोध मोजून निकाल देणे मात्र फसवे ठरते. पुष्कळ चांगल्या सेन्सरांचा रोध दहा लाख ओहमांहून अधिक असतो आणि साधा मीटर तेथे तार तुटल्यासारखेच दाखवितो. काही सेन्सरांत आत रोधक बसविलेला असल्याने तो बराच कमी दिसतो. आपल्या गाडीच्या पुस्तकातील आकड्याशी तुलना केल्याखेरीज ह्या मोजणीला अर्थ नाही.

ह्याहून सूक्ष्म एक चूक आहे. सेन्सर आणि तार दोन्ही ठीक असतात, पण स्कॅनरवर टायमिंग सारखे मागे जाताना दिसते. अशा वेळी सेन्सर खोटे बोलत आहे असे ठरवून तो बदलला जातो, किंवा त्याची तार काढून ठेवली जाते. वस्तुतः तो खरेच बोलत असतो. इंजिनात कार्बन असतो, पाणी कमी झालेले असते, नाहीतर इंजिनाचा एखादा सैल भाग खरोखरच वाजत असतो. केटरिंगच्या ठिणगीवर शंभर वर्षांपूर्वी जो आरोप आला होता, तोच आज ह्या लहानशा कानावर येतो.

इंधनाचाही विचार करावा लागतो. भारतात २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले गेले. छत्तीसगडातच कवर्ध्याला भोरमदेव सहकारी साखर कारखान्याशी जोडलेला इथेनॉल प्रकल्प उभा राहिला आहे. इथेनॉल टकटक चांगली सोसतो. त्यामुळे पूर्वी ९१ ऑक्टेनचे असलेले पेट्रोल ह्या मिश्रणात ९५ च्या आसपास जाते. पण त्याने जुन्या गाडीचे सारे प्रश्न सुटत नाहीत. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ पडते, आणि त्याच्या रबरी नळ्यांनाही हे इंधन मानवत नाही. म्हणून नळ्या आणि मिश्रण तपासूनच टायमिंगला हात घालावा.

रायपूरच्या अंगणात झाकून ठेवलेली वडिलांच्या वेळची फियाट असो किंवा दारापुढची नवी गाडी असो, दोघींचे म्हणणे एकच आहे. आत काही बिघडले की त्या सांगतात. एक मोठ्याने सांगते, दुसरी पिवळ्या दिव्याने आणि एका संकेताने. मे महिन्यात प्रवासाला निघण्यापूर्वी पाणी, प्लग आणि टायमिंग पाहण्यास एक सकाळ पुरते. ती सकाळ ज्याने दिली असेल, त्याची गाडी केशकालचा घाट चढून जाईल आणि गाडीतील मंडळी संध्याकाळी जगदलपूरला पोचतील. ज्याने आवाज ऐकून काच वर केली असेल, त्याला घाटातल्याच एखाद्या वळणावर, उन्हात, दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभे राहावे लागेल.